कार्यक्रमाचा पर्यावरणावरचा भार: नोंदवही, मानक की पूर्ण कार्बन हिशेब?

मोठा सार्वजनिक कार्यक्रम अंगावर घेतला की भार मोजण्याच्या तीन वाटा समोर येतात. आपली आपण ठेवायची साधी नोंदवही, कार्यक्रम पर्यावरणाचं भान ठेवून कसे चालवावेत हे सांगणारं आयएसओ २०१२१ हे आंतरराष्ट्रीय मानक, किंवा सल्लागाराकडून करून घ्यायचा पूर्ण कार्बन हिशेब. तिन्हींची कामं वेगळी आहेत. वाट चुकली तर सगळा पैसा मोजण्यातच जातो आणि कमी करायला हातात काही उरत नाही. पहिल्यांदाच मोजणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे: नोंदवही घ्या.

तिच्यात चार गोष्टी पुरेत: जनरेटरचं डिझेल, विजेचे युनिट, कचऱ्याचं वजन आणि लोक कसे आले. डिझेलचं पथ्य एकच, भरलेलं नव्हे तर जळलेलं मोजा. म्हणजे टाकीची पातळी आधी आणि नंतर, दोन्ही वेळा लिहून ठेवा. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यामुळे पुढचा हिशेब साध्या गुणाकाराचा. कचरा ट्रकांच्या खेपांत मोजू नका, कारण अर्धा रिकामा ट्रकही एक खेपच धरला जातो. वजनकाट्याची पावती मागा आणि माल शेवटी कुठे उतरला तेही लिहून घ्या.

चौथी गोष्ट सगळ्यात किचकट, आणि बाहेरगावाहून माणसं येत असतील तर बहुतेक वेळा सगळ्यात मोठीही तीच. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिक आणि पॅरालिंपिकच्या आयोजकांनी एकूण उत्सर्जन सुमारे १५.९ लाख टन दाखवलं. त्यात निम्म्याहून जास्त वाटा प्रवासाचा होता. तरीही कितीतरी अहवालांत प्रेक्षकांचा प्रवास सापडत नाही. ‘तो आमच्या हातात नाही’ हे कारण मला पटत नाही. कार्यक्रम कुठे घ्यायचा, किती वाजता संपवायचा, शेवटची गाडी लोकांना मिळेल का, हे सगळं आयोजकच ठरवतात.

प्रवासासाठी तीन प्रश्न पुरतात: कुठून आलात, कशाने आलात, गाडीत किती जण होतात. तिसरा प्रश्न हटकून गाळला जातो, आणि तिथेच आकडा बिघडतो. त्याच गाडीत चौघं आले तर प्रत्येकाच्या वाट्याचं उत्सर्जन एकट्याच्या तुलनेत जेमतेम पाव होतं. हे प्रश्न आत जायच्या रांगेत विचारा, कारण बाहेर पडताना कोणी थांबत नाही. पार्किंगकडचं प्रवेशद्वार आणि स्टेशनकडचं प्रवेशद्वार दोन्ही घ्या, नाहीतर एकाच प्रकारची माणसं मोजली जातील.

आयएसओ २०१२१ चं काम वेगळं आहे. २०१२ साली लंडन ऑलिंपिकच्या निमित्ताने आलेल्या आणि २०२४ मध्ये सुधारलेल्या या मानकात ‘इतके टन कमी करा’ असं कुठेही लिहिलेलं नाही. जबाबदारी कोणाची, पुरवठादारांकडून काय मागायचं, तपासणी कशी करायची, याची ती शिस्त आहे. बाहेरचं प्रमाणपत्र घेणं सक्तीचं नाही. दरवर्षी होणाऱ्या, बरेच कंत्राटदार असलेल्या कार्यक्रमाला ते खरंच उपयोगी पडतं, कारण माणसं बदलली तरी पद्धत टिकते. एकदाच होणाऱ्या कार्यक्रमाने त्याच्या मागे लागू नये.

पूर्ण कार्बन हिशेबात मंडपाच्या साहित्यापासून पाहुण्यांच्या मुक्कामापर्यंत सगळं येतं. प्रायोजकाला आकडा द्यायचा असेल किंवा जाहीर दावा करायचा असेल, तरच तो घ्या. दाव्याच्या बाबतीत फार जपून राहा. २०२२ च्या कतार फुटबॉल विश्वचषकाला फिफाने ‘कार्बन न्यूट्रल’, म्हणजे जितकं उत्सर्जन तितकी भरपाई केलेला, म्हटलं होतं. २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या जाहिरात-नियामक आयोगाने तो दावा निराधार ठरवला. आधी स्वतःचं उत्सर्जन घटवा. भरपाईची क्रेडिट, म्हणजे दुसरीकडे झालेली उत्सर्जन-घट पैसे देऊन आपल्या नावावर घेणं, घ्यायचीच असतील तर ती वेगळ्या रकान्यात दाखवा, एकूण आकड्यातून वजा करू नका.

कोणतीही वाट घ्या, बेरीज दोन प्रकारे मांडा: एकूण, आणि दर माणशी दर दिवशी. गर्दी दुप्पट झाली की दर माणशी आकडा उतरतो आणि अहवाल छान दिसतो, पण हवेत गेलेलं एकूण प्रमाण वाढलेलं असू शकतं.

आता कमी करण्याचं. जनरेटर विजेचा भार सगळ्यात जास्त असेल त्या तासाला पुरेल इतका मोठा मागवतात आणि रात्रभर चार दिवे व एक फ्रीज यांच्यासाठी तोच चालू ठेवतात. इतक्या कमी भारावर दर युनिटला डिझेल जास्त लागतं आणि इंजिनही खराब होतं. तासागणिक भार लिहून ठेवला असेल तर पुढच्या वेळी रात्रीसाठी छोटा संच किंवा बॅटरी मागता येते, आणि जमेल तिथे थेट वीजजोडणी. नोंदवहीचा सगळ्यात रोकडा फायदा मला इथेच दिसतो.

पेल्यांबद्दल थोडक्यात. वनस्पतीजन्य पीएलए प्लास्टिकचा ‘कंपोस्ट होणारा’ पेला साध्या खड्ड्यात कुजत नाही; त्याला सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानाचा औद्योगिक प्रकल्प लागतो. तसा प्रकल्प जवळ नसेल तर असा पेला घेण्यात अर्थ नाही. धुऊन वापरायचा पेला चांगला, पण तो परत आला तरच. म्हणून अनामत ठेवा, पेल्यावर वर्ष किंवा तारीख छापू नका (नाहीतर लोक तो आठवण म्हणून घरी नेतात) आणि पेले परत घेणारी टेबलं बाहेर पडायच्या वाटेवरच मांडा.