पिकअपला चिप, रिमॅप की आहे तशीच? लोडवाल्यासाठी आणि हौशी मालकासाठी

खान्देशात पिकअपला ‘चिप’ बसवावी का, हे दोन प्रकारचे मालक विचारतात आणि दोघांना एकच उत्तर लागू पडत नाही. एकाची बोलेरो पिकअप पाचोरा-भडगावचा माल भरून चाळीसगावमार्गे कन्नडचा घाट चढते, आणि ड्रायव्हर सांगतो, ‘भाऊ, गाडी घाटमा दम तोडस.’ दुसऱ्याची इसुझू व्ही-क्रॉस किंवा हायलक्स घरची आहे. तिचा हौदा बहुतेक वेळा रिकामाच असतो, फक्त धुळे-सुरत रस्त्यावर ओव्हरटेक करताना थोडा जोर हवा असतो.

आधी ही चिप करते काय ते पाहू. सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी जास्त दाबाची नळी म्हणजे कॉमन रेल. तिच्या टोकाला डिझेलचा दाब मोजणारा सेन्सर असतो. त्याचं कनेक्टर काढून मध्ये ही चिपची डबी जोडतात. रेलमध्ये समजा 1600 बार दाब आहे, तर डबी ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, 1450 सांगते. ईसीयूला वाटतं दाब कमी पडतोय, म्हणून तो वाढवतो आणि तेवढ्याच वेळात इंजेक्टरमधून जास्त डिझेल जातं. स्वस्त डबीत नुसता रेझिस्टर असतो. तो उभ्या गाडीतही तेवढीच थाप मारतो, म्हणून आयडलिंगला इंजिन ठोकल्यासारखं वाजतं. चांगली डबी आरपीएम आणि लोड पाहून दाब वाढवते आणि टर्बोच्या बूस्ट (दाबून भरलेल्या हवेचा दाब) सेन्सरलाही जोडलेली असते.

रिमॅपमध्ये डबी नसते. ईसीयूमधला प्रोग्रामच बदलतात: डिझेल, बूस्ट, टायमिंग, टॉर्कची मर्यादा. ईसीयूला दाबाचा खरा आकडा कळत राहतो, म्हणून तांत्रिकदृष्ट्या हा मार्ग जास्त नीट. पण करणारा जाणकार हवा. शिवाय कंपनीच्या सर्व्हिसमध्ये सॉफ्टवेअर अपडेट झालं की रिमॅप पुसला जातो आणि पैसे पाण्यात. डबी मात्र अर्ध्या तासात काढून दुसऱ्याला विकता येते. अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलला लावायचा थ्रॉटल कंट्रोलर या दोघांत मोडत नाही. त्याने एक हॉर्सपॉवरही वाढत नाही, पाय ठेवल्यावर गाडी लवकर उसळते एवढंच. ओबीडी सॉकेटमध्ये (सर्व्हिसवाले गाडी तपासायला मशीन जोडतात ते) खोचायची, दिवे लुकलुकणारी ‘डिझेल बचत’ डबी तर घेऊच नका.

आता लोडवाल्याचं. बोलेरो मॅक्स पिकअपचं इंजिन 2.5 लिटरचं, ताकद जास्तीत जास्त 80 हॉर्सपॉवरच्या घरात. व्ही-क्रॉसचं इंजिन 1.9 लिटरचं आणि ताकद 163. हे पाहून ‘आपल्या गाडीत बरीच ताकद दाबून ठेवलीय’ असं वाटतं. पण लोडच्या गाडीचा टर्बो, क्लच, रेडिएटर सगळं त्या कमी ताकदीच्या हिशोबाने दिलेलं असतं. रिकामी गाडी ओव्हरटेकला पूर्ण जोर लावते तो काही सेकंद. भरलेली गाडी घाटात दुसऱ्या गिअरवर कित्येक मिनिटं पूर्ण जोरावर असते, आणि डबी नेमकं तिथेच डिझेल वाढवते. भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. तापलेली हवा विरळ, इंटरकूलरही ती फार थंड करू शकत नाही. हवा कमी, डिझेल जास्त. मग काळा धूर आणि एक्झॉस्टचं तापमान चढतं. पिस्टन आणि टर्बो यांची वाट इथे लागते, सपाट रस्त्यावर नाही.

म्हणून भाड्याने चालणाऱ्या गाडीला डबी नको आणि रिमॅपही नको, हे माझं स्पष्ट मत आहे. त्याच पैशात एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदला, इंटरकूलरच्या होजला चीर आहे का बघा, क्लच घसरतोय का तपासा, चाकांत हवा भरा. कपाशीच्या शिवारातल्या धुळीने चोंदलेला एअर फिल्टर बदलला तरी पुष्कळदा गेलेला दम परत येतो.

घरच्या गाडीला, वॉरंटी संपलेली असेल तर, दोघांत मी डबी निवडेन. चांगल्या प्रतीची, सर्वात खालच्या सेटिंगवर. रिमॅप फक्त अशा माणसाकडून, जो आधी आणि नंतर गाडी चालवून रेलचा दाब, बूस्ट यांचे आकडे दाखवतो आणि ईसीयूच्या मूळ प्रोग्रामची फाइल तुमच्या हातात देतो. बीएस-6 गाडीत धूर वाढला की डीपीएफ (एक्झॉस्टमधलं काजळी अडवणारं फिल्टर) लवकर भरतं. ते जाळून साफ करताना डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर डबी त्याच दिवशी काढा.

कायदा दोघांना सारखाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल चालत नाही. 2019 च्या दुरुस्तीने मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं ठरवलं आहे. अपघातानंतर विम्याच्या क्लेममध्येही हा मुद्दा निघू शकतो.

अ‍ॅव्हरेज वाढल्याचे फोटो दाखवतात त्यावर जाऊ नका. ईसीयूला दाबच कमी सांगितलेला असल्याने डिझेल किती गेलं हा त्याचा हिशोबही चुकतो आणि मीटरवर अ‍ॅव्हरेज खऱ्यापेक्षा चांगलं दिसतं. टाकी फुल करून, त्याच रस्त्याने जाऊन, त्याच पंपावर पुन्हा फुल करून मोजा.

बसवणार असाल तर इंजिन गार होऊ द्या. किल्ली काढून थोडा वेळ थांबा, मग बॅटरीची निगेटिव्ह सोडा. डिझेलच्या पाइपला हात लावायचं काम नाही. कनेक्टरची कळ नखाने उचलून प्लग सरळ ओढा. उन्हातान्हात वाळलेली कळ ओढाताणीत मोडते, आणि मग सैल कनेक्टरमुळे गाडी रस्त्यातच बंद पडू शकते. डबी एक्झॉस्टपासून लांब बांधा. सोबत आलेला, डबीच्या जागी लावायचा बायपास प्लग गाडीतच ठेवा, म्हणजे चेक इंजिनचा दिवा लागला तर कोंडाईबारीच्या घाटातही गाडी मूळ स्थितीत आणता येईल.