फोटोरेक, सहा महिन्यांनंतर: गाणी मिळाली, नावं गेली

आबांच्या भजनी मंडळाच्या २८ कॅसेट मी दोन उन्हाळे खपून कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्या. कॅसेटना बुरशी लागलेली, म्हणून त्या नंतर टाकून दिल्या. फेब्रुवारीत १ टीबीची हार्ड डिस्क बसली. रिकव्हरीवाल्याने १८,००० सांगितले, तेही काही मिळेलच अशी हमी न देता. डिस्कमधून टकटक येत नव्हती, वाचताना नुसती अडकत होती. म्हणून फोटोरेक या हरवलेल्या फायली परत काढणाऱ्या सॉफ्टवेअरने घरीच करायचं ठरवलं. टकटक येत असेल तर मात्र डिस्क लगेच बंद करा, ते सॉफ्टवेअरचं काम नव्हे.

आधी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू हे बिघडलेली डिस्क जमेल तेवढी वाचून घेणारं सॉफ्टवेअर चालवून अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, दुसऱ्या डिस्कवर घेतली. चार दिवस लागले. मध्ये दोनदा लाइट गेली, पण कुठवर वाचलं याची नोंद मॅपफाइलमध्ये राहते, त्यामुळे काम तिथूनच पुढे सुरू झालं. याच्याबद्दल एका अक्षराची तक्रार नाही.

तक्रार आहे ती फोटोरेकची. ते डिस्कवरची फाइलांची यादी बघतच नाही, प्रत्येक फाइलची सुरुवात ओळखून ती उचलतं. त्यामुळे नाव नाही, फोल्डर नाही. एकेका फोल्डरात ५०० फायली, नाव म्हणजे ‘एफ’ आणि पुढे आकडे. सिनेमाच्या गाण्यांचं काही अडलं नाही, त्यांच्या आत टॅग होते, म्हणजे गाण्याचं नाव-गाव फाइलमध्येच लिहिलेलं. उरलेली पिकार्डने ओळखली, ते गाण्याचा आवाज नेटवरच्या यादीशी जुळवून नाव सांगतं. पण आबांचं भजन जगात दुसरीकडे कुठेच नाही, तर पिकार्ड ते जुळवणार कशाशी? आई दर रविवारी हेडफोन लावून बसायची. “हा पखवाज तुझ्या काकांचा, म्हणजे आळंदीची कॅसेट,” म्हणायची, आणि मी नाव टाइप करायचो. दोन भजनं तर अर्ध्यात तुटून भलत्याच गाण्यात शिरली होती, कारण डिस्कवर त्यांचे तुकडे वेगवेगळ्या जागी पडले होते.

इथवरचं जूनमध्ये लिहून ठेवलं होतं. आता मत बदललंय. फोटोरेकसोबत टेस्टडिस्क फुकटच येतं, ते डिस्कची बिघडलेली मांडणीच दुरुस्त करतं, पण मी उघडूनही पाहिलं नव्हतं. माझ्या डिस्कवर विभागाचं (पार्टिशनचं) बूट सेक्टर, म्हणजे त्याची मांडणी सांगणारा सुरुवातीचा तुकडा, खराब झालं होतं. पण एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोज डिस्कवर फायली मांडते त्या पद्धतीत, त्याची एक प्रत विभागाच्या शेवटी असते. इमेजची आणखी एक नक्कल करून त्या नकलेवर टेस्टडिस्कने ती प्रत पुढे आणली, आणि फोल्डर दिसायला लागले. नावांसकट! ‘आबा आषाढी ४ बाजू बी’ हे मीच टाइप केलेलं नाव समोर आलं तेव्हा मी आईला स्वयंपाकघरातून हाक मारली.

सगळं नाही मिळालं. ज्यांच्या नोंदीच बॅड सेक्टरवर, म्हणजे डिस्कच्या वाचता न येणाऱ्या भागावर, होत्या अशी ११ भजनं अजून आकड्यांवरच आहेत. तेवढ्यांसाठी फोटोरेकच कामी आलं, हेही खरं. म्हणून इमेज झाली की आधी टेस्टडिस्क, फोटोरेक शेवटी. मी उलटं केलं आणि आईचे सहा महिन्यांचे रविवार त्यात गेले. उरलेली ११ ती ओळखतेय, काल एक सुटलं.