न्याहारी-निवास की कोकम प्रक्रिया : मालवणच्या तरुणांपुढील दोन वाटा

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि पुढे मालवणच्या किनाऱ्यावरील तारकर्ली-देवबाग पट्ट्यात अनेकांनी राहत्या घराच्या खोल्या पर्यटकांना देऊन न्याहारी-निवास सुरू केले. यात पैसा लवकर हाती येतो. मात्र पावसाळ्यात जलक्रीडा बंद राहतात, खोल्या ओस पडतात आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही.

कोकमाचे गणित निराळे आहे. रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, एप्रिल-मेमध्ये पिकतात. ते फोडून त्यांच्या साली मीठ घातलेल्या रसात पुन्हापुन्हा भिजवून उन्हात वाळवाव्या लागतात आणि नेमकी वळिवाची सर आली, तर वाळवणाला बुरशी धरते. ही मेहनत खरोखर कष्टाची आहे. पण तयार आमसुले आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) वर्षभर विकता येतात, बियांचे तेलही निघते, शिवाय २०२० च्या केंद्रीय सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत पात्र प्रकल्पाला खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदानाची तरतूद करण्यात आली.

म्हणून किनाऱ्यावर स्वतःचे घर नसलेल्या, पण परसात रातांब्याची झाडे असलेल्या तरुणाने कर्ज काढून खोल्या बांधण्यापेक्षा आधी कोकमाकडे वळावे, असे मला ठामपणे वाटते.