जुनी डस्टर एडब्ल्यूडी: घ्यायची तर खालून बघून घ्या

रेनोची डस्टर भारतात 2012 मध्ये आली. चारही चाकं फिरवणारी एडब्ल्यूडी 2014 च्या शेवटाकडे आली आणि 2020 मध्ये धुराचे बीएस-6 नियम लागू झाल्यावर डिझेल इंजिनासोबत तीही गेली. म्हणजे आज बाजारात दिसणारी प्रत्येक एडब्ल्यूडी जुनीच. तरी मुंबईत तिला गिऱ्हाईक आहे, आणि ते बरोबरच आहे. 1461 सीसीचं 110 पीएसचं डिझेल, सहा गिअर, 210 मिमी ग्राउंड क्लिअरन्स आणि मागे स्वतंत्र मल्टिलिंक सस्पेन्शन. साध्या डस्टरला मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा असतो. पावसाळ्यानंतरच्या रस्त्यावर दोन्ही गाड्या पाठोपाठ चालवल्या की फरक कमरेला कळतो.

घेताना एक गोष्ट मनात पक्की असू द्या. या गाडीचा पुढचा भाग सगळ्यांचा आहे, मागचा फक्त तिचा. तिचं के9के इंजिन टेरानो, सनी, मायक्रा, फ्लुएन्स, लॉजी अशा कितीतरी गाड्यांत बसलं. त्यामुळे फिल्टर, बेल्ट, सेन्सर, इंजिनाचे माउंट हे सगळं ओपेरा हाउसच्या दुकानांत मिळतं, आणि जुना माल चालत असेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर. पण पुढच्या गिअरबॉक्सला चिकटलेला, ताकद मागे वळवणारा ट्रान्सफर बॉक्स, मागे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट, ती ताकद जोडणारं-तोडणारं कपलिंग, ती दोन चाकांत वाटणारा मागचा डिफरन्शियल, मागचे ड्राइव्ह शाफ्ट आणि सस्पेन्शनचे आर्म यांतलं काहीही साध्या डस्टरमधून निघत नाही. टेरानोतूनही नाही, कारण ती आपल्याकडे एडब्ल्यूडीत आलीच नाही. इंजिनाचा आवाज ऐकून खूष होणारा गिऱ्हाईक दलालाला फार आवडतो. तुम्ही गाडी रॅम्पवर चढवायला सांगा.

चढवण्याआधी ती खरंच एडब्ल्यूडी आहे ना तेही बघून घ्या. बॅज कुणीही चिकटवतो. मोड बदलायचा गोल नॉब हवा, त्यावर 2डब्ल्यूडी (फक्त पुढची चाकं), ऑटो आणि लॉक अशा तीन जागा हव्यात. स्टेपनी डिकीच्या आत, फळीखाली हवी. साध्या डस्टरची स्टेपनी गाडीच्या पोटाखाली लटकते. एडब्ल्यूडीत ती जागा डिफरन्शियलने खाल्ली, म्हणून डिकीही 475 लिटरवरून 410 च्या आसपास आली. घरात सामान जास्त असेल तर हा तोटा आधीच धरा.

रॅम्पवर पुढून मागे बघत जा. ट्रान्सफर बॉक्सच्या सीलभोवती ओलं दिसतंय का? नुसता धुळीचा तेलकट थर चालेल, थेंब लटकत असेल तर नाही. शाफ्ट दोन तुकड्यांत असतो. मधल्या बेअरिंगचं रबर फाटलेलं असेल तर ठरावीक वेगाला, बहुतेकदा 60 ते 80 च्या दरम्यान, सीटखाली थरथर जाणवते. गॅरेजवाले अशा वेळी आधी चाकांचं बॅलन्सिंग करून पैसे घेतात. शाफ्ट हाताने वर-खाली हलवून बघायला दोन मिनिटं लागतात. त्यानंतर कपलिंगची वायर आणि सॉकेट. मुंबईच्या खाऱ्या हवेत तिथे हिरवट कळंक धरतो. वायर उंदरांनी कुरतडली आहे का तेही बघा. सोसायटीच्या तळघरात महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीत हे नवल नाही. मागच्या सबफ्रेमच्या वेल्डिंगवर आणि बुशांच्या कडांवर गंज वरवरचा आहे की पापुद्रे सुटताहेत, हे स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून कळतं. ताजा काळा अंडरकोट दिसला तर खूष होऊ नका. तो कशावर मारलाय हा प्रश्न आहे.

मग तेल. मागच्या डिफरन्शियलचा भरायचा बोल्ट उघडून बोट आत घाला. तेल दुधाळ, पातळ चहासारखं निघालं तर आत पाणी गेलंय. डिफरन्शियल चालून तापलेला असतो. तो अचानक गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि जुन्या सीलमधून किंवा ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या भोकातून, पाणी ओढून घेते. साचलेल्या पाण्यातून गाडी काढणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. ते फक्त इंजिनात पाणी गेलं नाही म्हणून सुटकेचा श्वास टाकतात. 29 ऑगस्ट 2017 ला मुंबई बुडाली तेव्हा यांतल्या कितीतरी गाड्या रस्त्यावर होत्या. डिसेंबर 2015 ला चेन्नईत तसंच झालं, म्हणून तमिळनाडूच्या पासिंगची गाडी असेल तर तीही त्याच नजरेने बघा. बुडालेली गाडी पॉलिशने लपते, पण सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला की शेवटच्या हातभर पट्टीवर चिखलाची रेघ राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट आणि डिकीतल्या स्टेपनीखालचा पत्राही खरं बोलतो.

आता चालवून बघायचं. कपलिंग म्हणजे विजेच्या चुंबकाने दाबला जाणारा प्लेटांचा क्लच. ऑटोमध्ये पुढची चाकं घसरायला लागली की कंट्रोलर करंट वाढवतो, प्लेटा आवळल्या जातात आणि ताकद मागे जाते. लॉकमध्ये तो साधारण निम्मी ताकद मागे धरून ठेवतो, आणि 80 च्या वर वेग गेला की आपोआप ऑटोत परततो. तपासायला चिखल शोधायची गरज नाही. कोरड्या सिमेंटच्या अंगणात लॉक लावा, स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि चार-पाच मीटर अगदी हळू चालवा. गाडी अडल्यासारखी, कुणी मागून धरल्यासारखी वाटली पाहिजे. म्हणजे कपलिंग पकडतंय. आता 2डब्ल्यूडी लावून तेच करा. गाडी मोकळी वळली पाहिजे. दोन्हीत मोकळी असेल तर कपलिंग पकडत नाही, दोन्हीत अडत असेल तर ते आत चिकटलंय. ही चाचणी एकदाच करा. कोरड्या डांबरावर लॉक लावून फिरणं म्हणजे स्वतःच्या पैशाने प्लेटा जाळणं.

मागून घुमल्यासारखा आवाज येत असेल तर कारण ओळखायची सोपी खूण आहे. वळणावर आवाज बदलला तर चाकाचं बेअरिंग, अॅक्सिलरेटर दाबल्या-सोडल्यावर बदलला तर डिफरन्शियल. पहिलं किरकोळ आहे. दुसरं निघालं तर किंमत पुन्हा ठरवा किंवा हात जोडून निघा.

डॅशबोर्डवर एबीएस, ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) आणि 4डब्ल्यूडीचे दिवे एकत्र लागले तर घाबरून सौदा मोडू नका, पण विकणारा ‘सेन्सरचा प्रॉब्लेम आहे, दोनशे रुपयांचं काम’ म्हणाला म्हणून विश्वासही ठेवू नका. कपलिंगचा कंट्रोलर चाकांचा वेग एबीएसच्या सेन्सरकडूनच घेतो, त्यामुळे एका चाकाचा सेन्सर मेला तरी तिन्ही दिवे लागतात. बॅटरी उतरलेली असली तरी लागतात. स्कॅनर लावून कोड वाचून घ्या, मगच बोला. दिवे लागलेच नाहीत, चावी फिरवल्यावर क्षणभरही नाहीत, तर ते आणखी वाईट. कुणीतरी बल्बच बंद केलाय.

टायरवर मात्र अडून बसा, कारण गाडीचा सगळ्यात महागडा भाग टायरमुळेच मरतो. मूळ माप 215/65 आर16. नव्या टायरची नक्षी साधारण 8 मिमी धरा आणि झिजलेल्याची 3. व्यासात 10 मिमीचा फरक पडतो, म्हणजे घेरात जवळजवळ 31. कागदावर नवं चाक एका किलोमीटरला 464 फेरे घेतं आणि झिजलेलं 471. पुढे नवे आणि मागे जुने टायर असतील तर हा सात फेऱ्यांचा फरक दर किलोमीटरला कुणीतरी सोसायचा असतो. कपलिंग आवळलं की तो त्याच्या प्लेटाच सोसतात. कपलिंग तापलं की गाडी स्वतःला वाचवायला मागची ताकद तोडते आणि दिवा लुकलुकतो. म्हणून चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, एकदम बदलायचे, आणि 10,000 किमीला पुढचे मागे, मागचे पुढे. एक टायर फाटला तर उरलेल्या तिघांच्या झिजेला जुळणारा जुना शोधा. एकटा नवा घालू नका.

मोठे टायर घालायचा मोह सगळ्यांना होतो. 215/70 आर16 घातले तर व्यास तीन टक्क्यांनी वाढतो. उंची मिळते जेमतेम 11 मिमी, आणि स्पीडोमीटर तितका मागे पडतो. घाट चढताना दुसरा गिअर आधीच सुस्त वाटणाऱ्या गाडीत हे नको. मूळ मापातच जरा आडमुठ्या नक्षीचे ऑल-टेरेन टायर घ्या, माळशेज-भंडारदऱ्याच्या वाटांना तेवढं पुरतं. स्प्रिंगखाली स्पेसर घालून गाडी उचलली की मागच्या ड्राइव्ह शाफ्टचे कोन बिघडतात आणि त्यांच्या टोकांचे रबरी बूट आधी फाटतात. पुढचा स्टीलचा बुलबार तर 2017 च्या डिसेंबरपासून सरकारनेच बंद केलाय. तो एअरबॅगच्या कामातही आड येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीतल्या नोंदीपेक्षा वेगळी गाडी करता येत नाही, हे विमा कंपनीला क्लेमच्या वेळी नेमकं आठवतं. खर्च करायचाच असेल तर इंजिन आणि ट्रान्सफर बॉक्सखालच्या जाड पत्र्याच्या प्लेटवर करा.

इंजिनाबद्दल थोडक्यात, कारण ते भरवशाचं आहे. टायमिंगला बेल्ट आहे आणि तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. बिल दाखवता आलं नाही तर तो बदललेला नाही असंच धरायचं. किट म्हणजे बेल्ट आणि टेन्शनर. वॉटर पंपही त्याच बेल्टवर फिरतो, म्हणून तोही सोबत. अल्टरनेटरचा बाहेरचा बेल्टही त्याच वेळी नवा घ्या. या इंजिनात तो तुटला की त्याचे धागे क्रँक पुलीच्या मागे घुसून टायमिंग बेल्टला गुंततात, आणि शंभरात मोजायच्या वस्तूपायी इंजिन जातं. ऑइल 10,000 किमी किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. पावसाळ्यात डिझेल फिल्टरमधलं पाणी काढत चला.

क्लचची मुंबईत परीक्षा होते. पहिला गिअर मुद्दाम फार आखूड ठेवलाय, हजार आरपीएमला जेमतेम 5.8 किमी. लो-रेंजचा गिअरबॉक्स नाही, म्हणून चढावर रांगायची ही सोय. ज्याला हे कळलं नाही तो ट्रॅफिकमध्ये पहिला-दुसरा करत हाफ क्लचवर राहतो. सपाट रस्त्यावर ती दुसऱ्यातही निघते. तिसऱ्या गिअरमध्ये 40 वर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम पळाला आणि गाडी मागे राहिली तर क्लचची प्लेट संपली. गिअरबॉक्स उतरवायला ट्रान्सफर बॉक्स आणि शाफ्टही सोडवावा लागतो, म्हणून मजुरी साध्या डस्टरपेक्षा जास्त. उतरवलंच आहे तर क्लच दाबणारा स्लेव्ह सिलिंडर आणि सील त्याच वेळी बदला.

एसीची कूलिंग कॉइल गळणं हे डस्टरचं जुनं दुखणं. गॅस भरून महिन्याभरात थंडावा गेला तर तीच. कॉइल बदलायला डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि नंतर तो करकरतो. चांगला मिस्त्री निवडा, घाई करू नका.

गिअरबॉक्स, ट्रान्सफर बॉक्स आणि मागचा डिफरन्शियल, तिन्हींचं तेल वेगळं. गिअरबॉक्सला 75डब्ल्यू-80. बाकी दोघांना जीएल-5 दर्जाचं हायपॉइड गिअर ऑइल, ग्रेड हँडबुकातून बघून, आणि तेही प्रत्येकी लिटरच्या आतच. बहुतेक गॅरेजांत ‘गिअर ऑइल बदललं’ म्हणजे फक्त पहिलं, बाकी दोघं कारखान्यातून आल्यापासून तसेच. घेतल्याबरोबर तिन्ही बदला, पुढे दर 40,000 किमीला. काम करताना आधी भरायचा बोल्ट सुटतोय का बघा, मगच गाळायचा उघडा. उलट केलं आणि वरचा गंजलेला निघाला, तर तेल ट्रेमध्ये आणि गाडी रॅम्पवर अडकून.

कागदांत तारीख पाहा. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, म्हणजे 2014 ची गाडी 2029 ला फिटनेसला उभी राहणार, पुढची नोंदणी पाच वर्षांची आणि वर पर्यावरण कर. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म 35, हस्तांतरणाला 29 आणि 30. दिल्लीच्या दहा वर्षांच्या डिझेल नियमाच्या धास्तीने तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येत राहिल्या आहेत. त्यांचा पत्रा बहुधा मुंबईच्या गाडीपेक्षा कोरडा असतो. मात्र फॉर्म 28 ची एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो तो किमतीत मिळवा. हिशेब केला की ‘दिल्लीची स्वस्त’ आणि ‘अंधेरीची महाग’ यांतलं अंतर बरंच मिटतं.

गाडी बंद पडली तर पुढची चाकं उचलून ओढणारी व्हॅन बोलावू नका. कंपनीची सूचना स्पष्ट आहे: मोड कुठलाही असो, एकही चाक जमिनीला टेकलेलं असताना ही गाडी ओढायची नाही. विम्याची रोडसाइड असिस्टन्स घेताना सपाट ट्रकच पाठवतील असं लिहून घ्या. आणि नो-पार्किंगमध्ये ती कधीच लावू नका. ट्रॅफिक पोलिसांची व्हॅन हँडबुक वाचत नाही.