दुर्बिणीतून पोटाचा बायपास: डॉक्टरांना ५ स्टार, बिलिंगला १

बायपास झाला म्हटलं की आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत सगळे हार्टचंच विचारतात, हा पोटाचा आहे हो. बाबांना स्वादुपिंडाचा कॅन्सर, गाठीने ड्युओडेनम, म्हणजे जठराला लागून असलेला आतड्याचा पहिला भाग, दाबला गेला, मग काल दुपारी खाल्लेला भात आज सकाळी उलटीत जसाच्या तसा. नाकात पोटातलं बाहेर काढायची नळी (रायल्स ट्यूब) आणि आई डबा मांडीवर घेऊन नुसती बसलेली.

हॉस्पिटल परळचं, नाव लिहीत नाही कारण तक्रार पण करायचीय.

डॉक्टरांनी ओपीडीत बसवून कागदावर चित्र काढून सगळं सांगितलं. ऑपरेशन करून जठर पुढच्या आतड्याला जोडता येतं, १८८१ पासून करतात म्हणे, पण बाबांच्या अंगात तेवढी ताकद उरली नव्हती. बंद जागेतच जाळीचा स्टेंट टाकता येतो, पण गाठ वाढत जाळीतून आत घुसते आणि परत तेच. मग हे इयूएसवालं, म्हणजे तोंडातून घालतात त्या दुर्बिणीच्या (एंडोस्कोपच्या) टोकालाच सोनोग्राफी असते, जठरातून भिंतीपलीकडचं आतडं दिसतं, त्यात निळं पाणी सोडून ते फुगवतात म्हणजे नेम चुकायला नको, मग करंटने भिंतीला भोक पाडून डंबेलसारखा स्टेंट बसवतात, एक टोक जठरात एक आतड्यात. बाबांचा २० मिमीचा. गाठीला हातच लावत नाहीत, लालबागच्या फ्लायओव्हरसारखं, खालचा ट्रॅफिक खालीच. स्टेंट चुकून भलतीकडे सुटला तर तातडीने ऑपरेशन लागू शकतं हेही त्यांनी आधीच सांगितलं, सही घेताना घाईघाईत नाही, हे मला फार आवडलं.

पोटावर एक टाका नाही. दुसऱ्या दिवशी घोट घोट पाणी, मग वरणाचं पाणी, मग पेज.

आता बिलिंग. स्टेंटची किंमत ॲडमिट झाल्यावर काउंटरवर कळली, तीही मी तीनदा विचारल्यावर, आणि मेडिक्लेमवाल्यांना पाठवलेल्या एस्टिमेटमध्ये ती धरलीच नव्हती!! रात्री दहाला भावाला पैशासाठी फोन फिरवायला लागले. जाणार असाल तर स्टेंटसकट एस्टिमेट आधी लिहूनच घ्या. डाएट चार्ट पण इंग्लिशमध्ये, आईला काय कळणार, शेवटी एका सिस्टरनेच मराठीत समजावलं की पालेभाजी, शेवग्याच्या शेंगा, चोथा असलेलं काही नको, स्टेंटमध्ये अडकतं.

परवा बाबांनी बोंबलाचं कालवण मागितलं. आईने काटे काढून मऊ भातात कालवून दिलं, अर्धी वाटी गेली, आणि मीठ कमी आहे म्हणून ओरडले पण.