तरणतलाव की नदी-कालवा? बडोद्यात लाइफगार्ड होऊ पाहणाऱ्यांसाठी

पोहायला उत्तम येतं म्हणून लाइफगार्ड व्हावंसं वाटणारी बरीच मुलं बडोद्यात आहेत. प्रशिक्षण कुठलं घ्यावं, यावर माझं म्हणणं एवढंच: कोणत्या पाण्याजवळ उभं राहायचंय ते आधी ठरवा, संस्था मग पाहा.

लालबागसारख्या तरणतलावावर नोकरी हवी असेल, तर पुण्याच्या राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटीच्या धर्तीचं प्रशिक्षण योग्य. इथे खरं काम नजरेचं. बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही. तोंड जेमतेम पाण्यावर, मान मागे, हात दोन्ही बाजूंनी पाणी दाबतात, आणि मिनिटाच्या आत ते खाली जातं. म्हणून आपला भाग 10 सेकंदांत नजरेखालून घालायचा आणि 20 सेकंदांत पोहोचायचं, असा दंडक शिकवतात. रेस्क्यू ट्यूब (बुडणाऱ्याला धरायला द्यायची तरंगती लांब पट्टी), उथळ पाण्यात सूर मारून मान दुखावलेल्याला हलवणं आणि सीपीआर (छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवणं) हेही येतंच. बुडालेल्याला मुख्यतः हवाच मिळालेली नसते, त्यामुळे आधी तोंडाने श्वास, मग 30 दाब आणि 2 श्वास. छाती नुसती दाबत राहणं इथे पुरत नाही.

नदी-कालव्याचं गणित वेगळं. नर्मदेच्या मुख्य कालव्याचे काठ उतरते, सिमेंटचे, शेवाळलेले. पट्टीचा पोहणाराही तिथून वर चढू शकत नाही. विश्वामित्रीत मगरी आहेत. अशा ठिकाणी उडी मारणं हे शौर्य नव्हे. आधी काठी किंवा दोर, मग नाव, आणि पाण्यात उतरणं अगदी शेवटी, हा क्रम अंगात भिनायला हवा. त्यासाठी गोव्याची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था मला जास्त उपयोगी वाटते; पाण्याची ओढ ओळखणं आणि बोट चालवणं खुल्या पाण्यातच शिकता येतं. पूर-बचावात स्वयंसेवक म्हणून उतरायचं असेल, तर सरकारच्या ‘आपदा मित्र’ योजनेची चौकशी करा. एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) 6वी बटालियन तर आपल्या बडोद्याजवळच्या जरोदलाच आहे.

18 जानेवारी 2024 रोजी बडोद्याच्या हरणी तलावात नाव उलटून 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. अनेक मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. नावेत किती जण बसले आणि कोणी काय घातलंय, हे धक्क्यावरच पाहून नाव अडवणं हीसुद्धा जीवरक्षकाची विद्या आहे. दोन्ही प्रशिक्षणांत ती मला सर्वात मोलाची वाटते.

थेट प्रशिक्षक होण्याची घाई मात्र नको. पोहणं शिकवणं आणि बचाव शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. घाबरलेला माणूस गळ्याला मिठी मारतो तेव्हा काय करायचं, हे स्वतः दोन-तीन हंगाम पाण्याकाठी काढल्याशिवाय शिकवता येत नाही.

फी भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: सीपीआरचा सराव बाहुलीवर प्रत्येकाला मिळतो का, आणि बेशुद्ध माणसाला पाण्याबाहेर काढण्याची परीक्षा होते का? नुसता व्हिडिओ दाखवून सर्टिफिकेट देत असतील, तर तिथे पैसे घालू नका.