तीन मजली इलेक्ट्रिक स्टीमर: भाजी झकास, पण बोअरच्या पाण्याचं काय?

"मॅडम, मशीनमध्ये दोष नाही, तुमचं पाणी खराब आहे. हे वॉरंटीत बसत नाही." स्टीमर मधेच बंद पडतो म्हणून तक्रार केली, तर सर्व्हिस सेंटरवाल्यानं फोनवर हे ऐकवलं आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मग खोक्यावर तसं छापा की, 'मराठवाड्यात विकायचा नाही' म्हणून! त्यावर तो म्हणाला, नवीन बूड, म्हणजे तापणाऱ्या प्लेटचा खालचा भाग, मागवून देतो. त्याची किंमत अख्ख्या स्टीमरच्या निम्म्याहून जास्त. वर कुरिअरचा खर्च आपलाच.

स्टीमर नेहमीचाच आहे. आठशे वॅट, एकावर एक तीन पारदर्शक डबे, खाली पाण्याची टाकी, बाजूला गोल फिरवायचा टायमर. घेऊन काही महिने झाले, उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पाहिले. भाजी कशी होते ते पुढं सांगते, आधी त्या बुडाचं.

आमचं लातूर काळ्या कातळावर वसलेलं. बोअरचं पाणी जड, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. पाणी उकळलं की त्यातला बराच भाग बाहेर पडतो आणि पांढरा थर होऊन बसतो. गिझरमध्ये बसतो, चहाच्या पातेल्यात बसतो, तसा स्टीमरच्या तापणाऱ्या प्लेटवरही बसतो. फरक एवढाच की पातेलं घासता येतं. इथं थर जाड झाला की प्लेटची उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, प्लेटच जास्त तापते, आणि खालच्या सुरक्षेच्या स्विचला वाटतं टाकी कोरडी पडली. खटकन बंद. टाकीत पाणी डुचमळतंय, वर बटाटे अर्धे कच्चे, आणि टायमर आपला टिकटिक करतोय. पाहुणे जेवायला बसलेले असताना हे झालं की काय वाटतं ते ज्याचं त्याला ठाऊक.

माहितीपुस्तिकेत यावर एकच ओळ आहे: 'वेळोवेळी स्वच्छ करा'. कशानं, किती वेळानं, काही नाही.

मी करते ते सांगते. किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळतं, सायट्रिक ॲसिड म्हणा. अर्धा लिटर पाण्यात दोन चमचे टाकायचं, स्टीमर दोन-तीन मिनिटं चालवून पाणी फक्त गरम करायचं, प्लग काढून अर्धा तास तसंच ठेवायचं. बुडबुडे येतात, थर सुटतो. मग मऊ फडक्यानं पुसायचं. तारेची घासणी अजिबात लावू नका, प्लेटवर चरे पडले की पुढचा थर आणखी घट्ट बसतो. व्हिनेगरनंही जमतं, पण त्याचा वास दोन दिवस भेंडीला येतो. हे केल्यापासून मधेच बंद पडणं थांबलंय. म्हणजे बुडाला काही झालेलंच नव्हतं, आणि तो माणूस मला नवीन बूड गळ्यात मारत होता!

सगळ्यात बरं म्हणजे आरओचं पाणी टाकणं. पण आरओ चालवला की त्याच्या दुसऱ्या नळीतून बरंच पाणी वाया जातं. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गावात ते बघवत नाही. सासूबाईंनी सुचवलं, ते वाया जाणारंच स्टीमरात ओत. नको! त्यात क्षार आणखी जास्त असतात. ते फरशीला आणि संडासाला. स्टीमरला मी पावसाळ्यात पत्र्यावरून धरलेलं पाणी गाळून वापरलं, पहिला पाऊस सोडून. त्या दिवसांत प्लेट अगदी लख्ख राहिली.

आता भाजीचं.

घरी आणला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "कामून आणलं गं माय हे? चाळण हाय की घरात, पातेलं हाय." मलाही तीन डबे म्हणजे उगीच भपका वाटला होता, आम्ही घरात चारच माणसं. वरचे दोन डबे बरेच दिवस माळ्यावर होते. मत बदललं ते नागपंचमीला. त्या दिवशी आमच्याकडं चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. पुरणाचे दिंड वाफेवर करायचे. एरवी चाळणीवर घाणे काढता काढता दुपार होते. यंदा तिन्ही डब्यांत दिंड लावले आणि एका दमात सगळे झाले. खालचे पंधरा मिनिटांत, वरचे चार-पाच मिनिटं उशिरा. सासूबाईंनी शेजारणीला बोलावून दाखवलं. चाळणीचं नाव त्यानंतर निघालं नाही.

वरचा डबा नेहमी मागं राहतो, म्हणून बटाटा, रताळं, बीट खाली आणि पालेभाजी वर. बीट खाली ठेवायचं आणखी एक कारण म्हणजे त्याचा रस गळतो. वर ठेवलं तर खालचा फ्लॉवर गुलाबी होतो, मग मुलं हात लावत नाहीत. फ्लॉवरला नऊ-दहा मिनिटं, गाजराच्या चकत्यांना बारा, कोवळ्या गवारीला तेवढीच, अख्ख्या मध्यम बटाट्याला अर्धा तास. पालक, तांदुळजा तीन-चार मिनिटांत खाली बसतो, जास्त ठेवला की काळपट पडतो. डबा गच्च भरायचा नाही, वाफेला वर जायला फटी हव्यात. टायमर लावायचा तो वाफ दिसायला लागल्यावर, स्विच दाबल्यापासून नाही.

चवीत फरक आहे. पाण्यात उकडलेल्या भाजीचं 'क' जीवनसत्त्व बरंचसं पाण्यात उतरतं आणि ते पाणी आपण मोरीत ओततो. वाफेत ते नुकसान कमी. गवार तर हिरवीगार राहते. तिच्यावर चमचाभर तेलाची लसणाची फोडणी, वर कारळाची चटणी, सोबत ज्वारीची भाकरी. आमच्या घरात गवारीला इतकी मागणी कधीच नव्हती.

टाकी आणि डब्यांच्या मधल्या थाळीत भाजीचा रस गळून साठतो. आधी ती थाळी धुवायचा कंटाळा यायचा. आता तो रस वरणात घालते किंवा त्यात भाकरीचं पीठ मळते, फक्त बीट लावलं असेल त्या दिवशी नाही.

विजेचं म्हणाल तर अर्ध्या तासाला ०.४ युनिट. एका गाजरासाठी लावणं परवडत नाही, तिन्ही डबे भरले तर परवडतं. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर चालवू नका, आठशे वॅटचा भार त्याला झेपत नाही. लाईट गेली की आमच्याकडं मोदकपात्रच बाहेर निघतं.

पाचात साडेतीन देईन. दीड गुण त्या बुडाचे आणि फोनवरच्या उत्तराचे कापले. गोड्या पाण्याच्या गावात राहत असाल तर डोळे मिटून घ्या. आपल्याकडच्यांनी दुकानात टाकी उघडून आत हात घालून बघावं. प्लेट सपाट, उघडी आणि बोटांनी पुसता येण्यासारखी हवी. वर प्लास्टिकची न निघणारी नळी बसवलेली असेल तर तो नमुना तिथंच ठेवून या, मग कितीही सूट देवोत.